कानपिळीला सोड्या

बाबा, परवा तुमच्या नातीचं लग्न झालं. मनोरीला, नवऱ्या मुलाच्या घरासमोरच्या वाळूच्या अंगणात, नारळांखाली मांडव घालून. आणि कानपिळीला कुत्रा होता. एवढं ऐकून तुम्ही चष्मा काढून हातात घेतला असेल आणि आईकडे बघितलं असेल, हे मला इथे बसून दिसतंय. अशा वेळी आई गॅसकडे तोंड करून हसायची. तर आधी जरा बसा. कुत्रा साबणाने धुतलेला होता, त्याला सगळ्या लशी टोचलेल्या होत्या आणि भटजींना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "शास्त्रात बंदी कुठे लिहिलीय असं मला तरी आठवत नाही. होमापासून पाच हात लांब ठेवा म्हणजे झालं." आता पुढचं ऐका.

कुत्र्याचं नाव सोड्या. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात अडीच वर्षांची होती, आणि सोड्या आला तो ती कॉलेजात जायला लागल्यावर. आई गेल्यानंतर आम्ही चारकोपला, सेक्टरातल्या आपल्याच घरात राहायला आलो. तिथे एका संध्याकाळी ही पोरगी पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून दारात उभी. खोक्यात मुठीएवढं तांबूस पिल्लू. कुठे मिळालं, तर तुमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटजवळ. मी म्हटलं, "एक रात्र. उद्या सकाळी परत नेऊन ठेवायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुक्या कोलंबीचे सोडे निवडून परातीत ठेवले आणि दूध तापवायला वळले, तेवढ्यात परात रिकामी. रंग सोड्यांचा, पोटात सोडे, तेव्हा नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या एका रात्रीला आता नऊ वर्षं झाली.

तुमचा नियम मी विसरले नव्हते, बाबा. "ह्यां कुत्रां उंबऱ्याच्या आत इलां तर तुमका दोघांकव भायर काढीन." हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलं असेल. आपल्या दाराबाहेर पायरीवर तो काळा कुत्रा बसायचा ना, एका कानाचं टोक नसलेला, संध्याकाळी तुमच्या सायकलीमागून इस्टेटपासून घरापर्यंत येणारा. त्याला तुम्ही कधी नाव दिलं नाही. नाव दिलं की तो आपला होतो, असा तुमचा हिशोब असावा. सगळ्या सेक्टराला तुम्ही सांगत होतात की हा माझा नव्हे, उगाच मागे लागलाय. आईला ते पटलेलं होतं, शेजाऱ्यांनाही पटलेलं होतं. मलाही पटलं असतं. पण दहावीच्या सुट्टीत तुमचा पाय मुरगळला होता आणि तुमचा डबा गाळ्यावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. तुमचा गाळा म्हणजे डब्यांची झाकणं ठोकणारा, आत प्रेस मशीनचा असा आवाज की माणूस कानात बोलला तरी ऐकू येऊ नये. मी डबा देऊन निघाले आणि पाण्याची बाटली द्यायची राहिली म्हणून परत आले. तुम्ही गाळ्यामागे सावलीत बसला आहात. भाकरीचा शेवटचा चतकोर बांगड्याच्या कालवणात बुडवून एका पोचे पडलेल्या झाकणात ठेवताय. मग इकडे तिकडे बघून तुम्ही तोंडाने तो आवाज काढलात. टाळ्याला जीभ लावून दोनदा टक् टक् आणि मागून एक लांब च्च. भिंतीमागून तो काळा धावत आला आणि तुमच्या मुरगळलेल्या पायाला वळसा घालून नीट बसला. इतका शहाणा तो आमच्यासमोर कधीच नसायचा. मी दिसले तेव्हा तुम्ही चोरी पकडल्यासारखे लाल झालात. म्हणालात, "उरलां तां टाकतंय." आणि थोड्या वेळाने, "आवशीक सांगा नको." मी आईला सांगितलं नाही. उरलेली सुट्टी मी रोज डबा घेऊन गेले आणि तो आवाज शिकले. तुम्ही शिकवलात म्हणणं बरोबर नाही, पण माझी जीभ चुकली की तुम्ही मान हलवायचात आणि बरोबर जमलं की घास माझ्या हातात द्यायचात. पाय बरा झाला, माझी सुट्टी संपली, आणि ते दोघांतलं दोघांतच राहिलं.

आता सोड्याला जेवायला बोलावताना माझ्या तोंडून तोच आवाज येतो. मुद्दाम काढत नाही, ताटली हातात घेतली की जीभ आपोआप टाळ्याला लागते. तुमच्या नातीने खूप प्रयत्न केला, तिला काही जमत नाही. मागचा च्च तिच्याकडून राग आल्यासारखा निघतो आणि सोड्या पलंगाखाली जाऊन बसतो.

तर लग्न. मुलगा मनोरीचा, कोळ्यांचा. आठवडाभर मालाडला ऑफिसात जातो आणि रविवारी बापाबरोबर होडीवर असतो. पोरगा झकास आहे, तुम्हाला आवडला असता, कारण मासा बघून तो कुठल्या पाण्यातला ते सांगतो. बोलणी करायला आम्ही गेलो तेव्हा खरी कारभारीण कोण ते लगेच कळलं. मुलाची आजी, ऐंशीच्या घरातली, कमरेला चाव्यांचा जुडगा. मानपान, साड्या, जेवणं, सगळं पटापट ठरलं. मग आजीने विचारलं, "पोरीला भाव नाय ना? मंग कान कोन पिलनार?" आपली पोरगी सरळ म्हणाली, "सोड्या." मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. आजीने विचारलं, "कोन सोड्या?" तर हिने मोबाइल काढून फोटो दाखवला. गेल्या राखीचा. पंजाला राखी, कपाळाला कुंकू, आणि तोंडात अर्थातच पेढा. आजीने फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि मोबाइल परत दिला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला परतीच्या फेरीबोटीत खाडी कधी संपली तेही कळलं नाही.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, चुलतभाऊ आहे की, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली, "आई, तो मला फक्त लग्नांतच भेटतो गं. हा रोज माझी वाट बघत दारात बसतो. मी आजारी होते तेव्हा तीन दिवस जेवला नाही. माझा भाऊ तोच. तो नसेल तर मला कानपिळी नको, आणि मी रुसून नाही बोलत आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून जातील, यार आई."

तुमचे जावई पेपर वाचत होते. ते पेपरामागून म्हणाले, "आपल्या बऱ्याच नातेवाइकांपेक्षा तो मांडवात नीट बसेल." मग मी एकटी पडले.

पण मला कशाची भीती होती ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या लग्नाचा मांडव सेक्टरातल्या मैदानात होता. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला होता, आणि तो काळा कुत्रा पंगतीच्या बाजूने आत शिरला, पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत आला आणि बरोबर अंतरपाटाखाली, माझ्या आणि नवरदेवाच्या मधोमध बसला. तुम्ही ओरडलात. तुमचं ओरडणं त्याने रोज ऐकलेलं, त्याने शेपूट हलवली. मग तुम्ही पायातली चप्पल काढलीत आणि एका पायात चप्पल, एका हातात चप्पल अशा अवतारात त्याच्यामागे मांडवभर धावलात. नव्या धोतराचा सोगा सुटलेला, फेटा डोळ्यांवर आलेला. चप्पल त्याला लागली. तो केकाटत गेला. आणि मला मुंडावळ्यांआडून हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. तुम्ही परत आलात आणि सगळ्या वऱ्हाडासमोर मला म्हणालात, "हसतंस काय? लाज वाटणा नाय?" मंगलाष्टकं थांबलेली होती, त्यामुळे ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

तो आत आला कसा, यावर आपल्या नात्यात अजून चर्चा होते. तुम्ही मात्र त्या दिवशी जो विचारेल त्याला एकच सांगत होतात, "माजी चूक. तेका बांधून ठेवूक व्हया होता." त्या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही, मला फक्त सगळ्यांदेखत ऐकलेलं ते "लाज वाटणा नाय?" बोचत राहिलं. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की लग्नानंतर चार दिवस कुत्रा गाळ्यावर फिरकला नव्हता, आणि ते चार दिवस तुम्ही डबा तसाच घरी आणत होतात, न खाता. पाचव्या दिवशी डबा रिकामा आला तेव्हा शिट्टी वाजवत आलात. मी ऐकून घेतलं.

म्हणून तुमच्या नातीच्या लग्नात मला कुत्रा नको होता. पुन्हा मांडव, पुन्हा कुत्रा, पुन्हा कुणाची तरी चप्पल, आणि माझ्या मुलीच्या लग्नाचीही तीच गोष्ट होऊन बसणार. पण ती हटली नाही. शेवटी मीच सोड्याला आदल्या दिवशी आंघोळ घातली आणि त्याच्या गळ्यात झेंडूची माळ बसते का ते बघितलं.

सकाळी मार्वेच्या धक्क्यावर मुलाकडच्यांनी आम्हाला न्यायला स्वतःची होडी पाठवली होती, पताका लावून. आपल्याकडच्या बायका साड्या सावरत, चपला हातात घेऊन एकेक करत चढत होत्या, आणि सोड्या सगळ्यांच्या आधी उडी मारून आत. होडीला मासळीचा वास होता ना. पूर्ण खाडी ओलांडेपर्यंत तो जाळ्याच्या ढिगावर बसून होता. मांडवाशी पोचल्यावर त्याला कुठे बांधू म्हणून बघितलं तर बाजूला एक चांगला रोवलेला बांबू दिसला. मांडवाचाच असेल म्हणून मी दोरी तिथे बांधली आणि नवरीकडे गेले. बाबा, जन्मभर मासे खाल्लेली मी बाई, माझं नाक त्या दिवशी कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. तो बांबू बोंबील वाळत घालायच्या परातीचा होता. म्हणजे आपल्या भांड्यातली परात नव्हे, बांबू रोवून वर आडव्या दोऱ्या बांधतात आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या लटकवतात, त्याला ते परात म्हणतात. माझं लक्ष होतं खाली दोरीच्या गाठीकडे आणि बोंबील होते डोक्याच्या वर.

मंगलाष्टकं झाली, हार पडले, अक्षता संपल्या, आणि मांडवामागून धाडकन आवाज आला. मी धावले. दोन बांबू आडवे, दोऱ्या वाळूत, आणि सोड्या मधोमध उभा राहून जेवतोय. गळ्यातल्या माळेत एक बोंबील अडकलेला. सगळे बघायला लागले, कुणीतरी "वाट लागली" म्हणालं. आणि बाबा, मला कळायच्या आत माझी चप्पल माझ्या हातात होती. पैठणी नेसलेली, नाकात नथ, आणि हात वर. तुमचाच हात, अगदी तसाच. त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली.

माझं मनगट कुणीतरी मागून धरलं. आजी होती. ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "ती चप्पल पायान घाल आदी," ती म्हणाली. मी म्हटलं, "आजी, तुमचे बोंबील..." ती म्हणाली, "बोंबील उद्या बी येतान. कावले खातान, मांजरा खातान, आज पोरीचा भाव जेवला. आमचे दारान पावन्याला कोन मारत नाय." मी चप्पल पायात घातली. मला रडू आलं, आणि ते बोंबलांसाठी नव्हतं. तुमची तेव्हाची घाई मला त्या क्षणी कळली. मारायचं नसतं, फक्त सगळ्यांच्या नजरा आपल्या मुलीवरून उठाव्यात असं वाटत असतं.

मग कानपिळी. बेत असा होता की नवरदेवाच्या कानामागे तूप लावायचं आणि सोड्याने ते चाटायचं, तीच कानपिळी. महिनाभर घरी तालीम झाली होती. नवरदेव गुडघ्यावर बसला, कान पुढे केला, कानाला तूप चमकतंय, फोटोवाला वाळूत आडवा झालाय. आणि सोड्या पोट भरून तिथेच, होमापासून बरोबर पाच हात लांब, झोपला. पोरीने हाक मारली. तुपाचं बोट नाकाला लावलं. नवरदेवानेही "ये ना रे भावा" करून बघितलं. त्याने एक डोळा उघडून बंद केला. लोक आधी हसत होते, मग हसणं थांबलं. भटजी हळूच म्हणाले, "पुढचं घेऊ या का?" तिचा चुलतभाऊ उठून बाह्या सरसावायला लागला. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिचा खालचा ओठ, लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा, एका बाजूला गेला होता.

हातात ताटली नव्हती, तरी माझी जीभ टाळ्याला लागली. टक् टक्, आणि एक लांब च्च.

सोड्याचे दोन्ही कान उभे राहिले. तो उठला, आळस देऊन माझ्याकडे यायला निघाला, वाटेत नवरदेव होता. त्याच्या खांद्यावर दोन्ही पंजे ठेवून त्याने थांबून वास घेतला आणि तूप न चाटता अख्खा कान हळूच तोंडात धरला. पिळला म्हणण्याइतका, दुखणार नाही इतका. मग सोडला आणि शिंकला. सगळं अंगण हसलं, भटजींसकट. नवरदेवाने त्याला मानाचा नवा पट्टा बांधला. पोरगी हसता हसता त्याच्या गळ्यात पडली, शालूला बोंबलाचा वास लागला तो अजून जात नाही.

आजीने मला विचारलं, "ती हाक कुनी शिकवली गो?" मी म्हटलं, "बाबांनी. आम्हा दोघांनाच यायची ती." आणि बोलता बोलता मी थांबले. दोघांनाच.

म्हणून हे पत्र, बाबा. माझ्या लग्नात तो काळा आपोआप आला नव्हता. अंतरपाटाच्या अलीकडे मी एकटी उभी होते. मागे मामा होता, पण मला तुम्ही जवळ हवे होतात. तुम्ही पाहुण्यांत होतात, कुणाला खुर्ची, कुणाला सरबत. तुम्हाला हाक मारता येत नव्हती, म्हणून मी तुमची हाक मारली. मंगलाष्टकांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटलं होतं. पण आता आठवतंय, तो आत शिरल्यावर तुम्ही आधी कुत्र्याकडे बघितलं नव्हतं, माझ्याकडे बघितलं होतं. आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटलात, माजी चूक. चार दिवस भरला डबा घरी आणलात. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. मी मात्र तुमच्याशी दिवाळीभर तोंड फुगवून राहिले आणि पुढेही कधी सांगितलं नाही. चूक माझी होती, बाबा.

पोरगी रविवारी येते म्हणालीय. सोड्या आमच्याकडेच राहिला, म्हातारा होतोय, त्याला खाडीचा वारा सोसत नाही. कालपासून तो दाराकडे तोंड करून बसतो, पण उंबऱ्याच्या आत. तुमचा नियम मोडून नऊ वर्षं झाली, तेही आज सांगून टाकते. हे पत्र ठेवायचं कुठे, ते काही ठरवलेलं नाही. माफी मागायची म्हणून पेन घेऊन बसले होते, आणि खरं सांगायचं तर एक चप्पल पायात, एक हातात, फेटा डोळ्यांवर असे तुम्ही समोर आलात आणि मी मघापासून हसतेच आहे.